अंबाड्यातली सुई

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे, शिशाची. दिसायला मुठीएवढी, पण उचलाल तर हात खाली जाईल. आणि मी रागावलेली आहे! आधीच सांगते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की डबी फार बोलते.

माझं काम एकच होतं, पोटातल्या सुईला आवरून धरायचं. सुई बोटाच्या दोन पेरांएवढी, आत रेडियम भरलेली. त्याचे किरण दिसत नाहीत, हाताला चटका लागत नाही, पण मांस जळतं. अमरावतीचे आमचे डॉक्टर त्यानेच रोग्यांच्या गाठी जाळत. दोरा ओवता यावा म्हणून सुईला नेढंही होतं. पण डॉक्टरांनी किंवा माणिकबाई नर्सने तिला कधी बोट लावलं नाही. लांब चिमटा, झटपट काम, आणि खट्कन माझं झाकण बंद! केवढा मान होता मला! माझ्यावर कागदही चिकटवला होता, 'उघडू नका'. पण इंग्रजीत. इथे इंग्रजी वाचणारे किती, हे लिहिणाऱ्याच्या मनातही आलं नाही.

सन अडतीसच्या उन्हाळ्यात डॉक्टर वारले. माणिकबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला नांदगावला होती. डॉक्टरांचा पुतण्या शेषराव आला, त्याने कपाटं रिकामी केली आणि मला कचऱ्यात फेकलं. तो इंग्रजी शिकलेला होता बरं का! पण कागद वाचायला मान खाली घालावी लागते. तेवढीही त्याने घातली नाही.

दवाखान्यामागचा उकिरडा पुंजाराम माळी खतासाठी बैलबंडीत भरून मळ्यात नेई. मीही गेले. माझ्यावरचा कागद केव्हाच कुजला होता. खत पसरताना मी सापडले ती त्याच्या बायकोला, सत्यभामेला. तिने खुरप्याने झाकण उचकटलं आणि लेकीला हाक मारली.

"अवं रुख्मे, पाह्य तं! हाराची सुई! गंजली बी नाही!"

ओल्या फुलांनी लोखंडी सुया महिनाभरात गंजतात. या सुईवर डागही नव्हता. सत्यभामा हरखली. दिवसभर ती त्याच सुईने मोगरा ओवी आणि काम झालं की सुई अंबाड्यात खोची. माझ्यात तिने तंबाखू भरली. तंबाखू! वाघ मोकळा आणि पिंजऱ्यात तंबाखू!

तीन आठवड्यांत तिची बोटं लाल झाली, मग सोलली, मग जखमा भरेनात. अंबाड्यापाशी केस मूठमूठ गळू लागले.

"गुलाबाचा काटा गेला असन. हयद लाव," पुंजाराम म्हणाला.

"कोनाची तरी नजर लागली," तिची जाऊ म्हणाली.

"माह्या टकलाले कोन नजर लावते वं?" सत्यभामा हसली. मला रडू आलं. शिशाला तोंड असतं तर मळा डोक्यावर घेतला असता मी!

शेवटी तिला सुई धरवेना. तिने ती बारा वर्षांच्या लेकीपुढे केली. "रुख्मे, आता तूच ओव."

रुख्मिणी हात पुसून पुढे झाली. तेवढ्यात माणिकबाई आली. नांदगावहून परतल्यावर ती देवाला फुलं घ्यायला नेहमीसारखी मळ्यावर आली होती. तिला आधी मी दिसले, मग ती सुई.

"टाक ते! मागं सर, पोरी!"

"काहून वं बाई? सुईच तं आहे," सत्यभामा म्हणाली.

"सुई नाही, जळता इस्तो आहे तो!"

तिने चुलीजवळचा चिमटा उचलला, माझ्यातली तंबाखू झटकली आणि सुई आत टाकली. खट्! किती दिवसांनी ऐकला मी तो आवाज!

रुख्मिणी वाचली. सत्यभामेची दोन बोटं मात्र नागपूरला कापावी लागली.

नंतर दवाखान्यात शेषराव तिला म्हणाला, "एका सुईचा एवढा काय बाऊ?"

सत्यभामेने पट्टी बांधलेल्या हातानेच मला त्याच्यापुढे सरकवलं. "घ्या साहेब. मंग तुमीच ओवा हार."

तो दोन पावलं मागे सरला. म्हणजे त्याला कळत होतं! मित्रांनो, माझा राग याचाच आहे.

आता मी लोखंडी तिजोरीत, कुलपात असते. डॉक्टर सांगत, रेडियमचा जोर निम्मा व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. आणि कागद एका पावसात कुजतो! म्हणून रुख्मिणी दर उन्हाळ्यात दवाखान्यात येऊन तिजोरीवर नवा कागद लावते. तिच्यामागून तो कोण लावणार, हे मला आजच सांगून ठेवा. मजकूर लहानच आहे, आणि इंग्रजीत नाही:

'उघडू नका. काहून म्हणाल, तं मळ्यात या अन् माह्या मायचा हात पाहा.'