स्ताव्रुलाचा मजला

आमच्या ग्रीसमधल्या केफालोनिया बेटावर जमीन हलली तर कुणी बोलणं थांबवत नाही, नुसता हातातला पेला टेबलावरून उचलून धरतो. त्रेपन्न सालच्या ऑगस्टात मोठा धक्का बसला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आमच्या अंजिराच्या झाडावर चढलो होतो. खाली उतरलो तो शेजारच्या गावात. झाड मला घेऊन गेलं होतं. त्या झाडाची अंजिरं आमची की त्यांची, यावरून पुढे सहा वर्षं भांडण चाललं.

हे मी शाळेत चौथीच्या पोरांना सांगितलं. भूकंपाचा धडा चालू होता आणि फोतिनीबाईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण तो ऑगस्ट पाहिलेली माणसं गावात आता तीनच उरलीत. त्यातल्या एकाला ऐकू येत नाही आणि दुसरी माझ्याशी बोलत नाही.

बाई हाताची घडी घालून ऐकत होत्या. म्हणाल्या, "पानायीआजोबा, अंजिरं झाली. आता खरं काय झालं तेही सांगा."

"खरं म्हणजे बाई, संध्याकाळी गावात एक धड भिंत उरली नव्हती. माझी थोरली बहीण आत पीठ मळत होती."

  मग बाईंनी हळूच टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "चला, मंच आणा."

मंच म्हणजे काय, तर एक फळी. तिच्याखाली चार लांब लाटणी आणि दोन्ही बाजूंना बांधलेलं रबर. रबर ओढून सोडलं की फळी थरथरायची. पोरांनी आपापलं घर बांधून त्या फळीवर ठेवायचं. खांब आणि तुळया लांब मॅकरोनीच्या, आणि सांधे आमच्याकडच्या मांदोलातोचे. मध, अंड्याचा पांढरा बलक आणि बदाम घालून करतात ती मिठाई एवढी चिकट असते, की माझा एक दात तिच्यात राहिला आहे. पहिल्या दिवशी पाच घरं रबर ओढायच्या आधीच पडली. चौकशीत कळलं, बांधणाऱ्यांनी सांधे खाल्ले होते.

"हे मोठ्यांकडूनच शिकतात," बाई म्हणाल्या.

रबर ओढायचं काम माझ्याकडे आलं. वर्गात रुबिनी होती, माझी धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिच्या अंगाला तेल मीच चोळलं होतं आणि तेव्हाही ती निसटत होती. तिचा बाप थोदोर हा आमचा मिस्त्री, अर्धं गाव त्याच्या हातचं. त्याचं स्वतःचं घर आठ खांबांवर उभं. खाली भिंती नाहीतच. तिथे त्याची होडी, वाइनची पिंपं आणि आम्हा म्हाताऱ्यांचं पत्त्यांचं टेबल. वर राहतं घर. आणि गच्चीवर, प्रत्येक खांबाच्या डोक्यातून आभाळाकडे बघणाऱ्या लोखंडी सळया, गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर उलट्या घातलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या.

आमच्याकडे मुलगी झाली की बाप छत पुरं करत नाही. सळया तशाच सोडतो. मुलगी लग्नाची झाली की त्यांच्यावर तिचा मजला चढतो. थोदोरच्या थोरलीच्या, स्ताव्रुलाच्या सळया बावीस वर्षं वाट बघत होत्या. आता तिचं ठरलं होतं, फेरीबोटीवर इंजिन सांभाळणाऱ्या लाम्बिसशी. ईस्टरनंतर लग्न, त्याआधी मजला. सिमेंटची पोती येऊन पडली होती. इंजिनिअरला दाखव, असं मी एकदा म्हणालो, तर थोदोर म्हणाला, "त्याला मुलगी आहे का?"

रुबिनीने हेच घर बांधलं, वरच्या नव्या मजल्यासकट. मी रबर ओढलं. खालचे आठ खांब गुडघ्यांतून वाकले आणि वरचं सगळं, म्हाताऱ्याने खुर्चीत बसावं तसं, खाली बसलं. तिने परत बांधलं. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. पोरगी रडली नाही, पण त्या रात्री जेवताना तिने बापाला सांगितलं, "बाबा, ताईचा मजला बांधू नका."

दुसऱ्या दिवशी थोदोर सिमेंटने माखलेल्या बुटांनीच वर्गात आला.

"बाई, माझी मुलगी शाळेत खेळणी मोडायला येते का? मॅकरोनी मोडली, यात नवल काय? माझे खांब काँक्रीटचे आहेत!"

"आणि तुमचा भूकंप? तो लाटण्यांचा आहे का?" बाई म्हणाल्या. "बसा. तुम्ही बांधून दाखवा."

मिस्त्री चौथीच्या बाकावर बसला, गुडघे हनुवटीला लावून. पण हात बघावेत! वीस मिनिटांत असं घर उभं केलं, की पोरं सांधे खायचं विसरली. मी रबर ओढलं. घर बसलं.

"काका, तुम्ही मुद्दाम जोरात ओढलंत! काल पत्त्यांत हरलात, त्याचा राग माझ्या घरावर काढताय!"

"थोदोर, हरलास तू. मी फक्त बघत होतो."

"तुम्ही बघत होतात ते माझे पत्ते!"

पोरं खिदळली. थोदोरने पुन्हा बांधलं, सांध्यांना दुप्पट मिठाई चोपडून. पुन्हा बसलं. मग तो तिसऱ्यांदा बांधायला लागला. झाल्यावर म्हणाला, "व्हा बाजूला. या वेळी मी ओढतो."

त्याने रबर हातात घेतलं. तेवढ्यात रुबिनी दप्तरातून साखरपाकातले बदाम काढून घरात ठेवायला लागली, साखरपुड्यात वाटलेल्यांपैकी उरलेले. मधल्या मजल्यावर तीन ठेवले, वरच्यावर दोन.

"हे काय गं?"

"माणसं. इथे आई, तुम्ही नि मी. वर ताई आणि लाम्बिसदादा. रिकामं घर हलवून काय कळणार, बाबा?"

थोदोरने रबर ताणलं. ताणून धरलं. खिडकीबाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती, तीही मधेच थांबली, असं मी सांगतो. बाई म्हणतात शेळी नव्हतीच. पण मिस्त्रीचा हात मी जवळून पाहिला. दगड फोडणारा तो हात, त्याच्याने रबर सुटेना.

"सोडा ना, बाबा."

त्याने रबर हळूहळू सैल केलं, झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढावा तसं. फळीला कळलंसुद्धा नाही.

मग रुबिनीने वरचा मजला उचलून बाजूला ठेवला आणि खालच्या खांबांमध्ये मॅकरोनी तिरकी लावली, फुलीसारखी. मला म्हणाली, "आता ओढा, आजोबा." मी होता नव्हता तेवढा जोर लावला. घर थरथरलं आणि उभं राहिलं. बदाम जागचे हलले, पण पडला एकही नाही.

"वरचा ठेवला तर?" थोदोरने विचारलं. आवाज त्याचा, पण छोटा.

"फुल्या लावूनही डुलतो. काल शाळा सुटल्यावर तीनदा बघितलं. मी बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या इंजिनिअरला विचारा."

इंजिनिअर शनिवारी आला. खांबांवर हात फिरवून त्याने जे सांगितलं ते रुबिनीने सांगितलंच होतं, फक्त त्याला दोन तास लागले.

आता स्ताव्रुलाला सांगायचं कुणी? ज्या मजल्यासाठी बाप बावीस वर्षं छत अपुरं ठेवून राहिला, तो होणार नाही, हे तिला कसं सांगणार? थोदोर मला आधाराला घेऊन गेला. जिन्यात तीन वेळा थांबला. एकदा बुटाची नाडी बांधायला, आणि त्या बुटांना नाडी नव्हती.

स्ताव्रुला भाजी निवडत होती. थोदोरने टोपी काढली आणि खाली बघत म्हणाला, "पोरी, तुझा मजला... नाही होत. घर पेलणार नाही. मी... तुला जन्मभर सांगत आलो आणि..."

ती सुरी खाली ठेवून तोंडावर हात धरून बसली. आम्हाला वाटलं, रडते. खांदेही हलत होते. थोदोर माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागलो.

"बाबा," ती हात काढून म्हणाली, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, "आठ महिने मी विचार करतेय, तुम्हाला कसं सांगू म्हणून! एका भिंतीपलीकडून तुमचं घोरणं ऐकत बावीस वर्षं काढली. आता लग्न करून तेच जमिनीतून वर यायला हवं होतं का?"

"मी घोरतो?"

"गावातले कोंबडे तुमच्या घोरण्यावर घड्याळ लावतात," आतून त्याच्या बायकोचा, कालोमिराचा आवाज आला.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज गच्चीवर जाऊन त्या बाटल्या सरळ करता. मी काय बोलणार?"

थोदोर खाली बसला. निवडलेल्या भाजीवरच बसला, पण कुणी त्याला उठवलं नाही. मग हळूच म्हणाला, "म्हणजे तू आता जाणार. लाम्बिसबरोबर. समुद्रापार."

"आपल्याच लिंबांच्या बागेत जाणार. एकच मजला, जमिनीवर. तुमच्या खिडकीतून दिसेन. ऐकू येणार नाही, एवढंच."

"माझी लिंबं!" कालोमिरा बाहेर आली. तिथून पुढचा तास फक्त लिंबांचा होता.

महिन्याभरात खालच्या खांबांमध्ये पोलादी फुल्या बसल्या. आमच्या पत्त्यांच्या टेबलाकडे जायला आता पाय उचलून, वाकून, कुशीवर होऊन जावं लागतं. आत गेलेला म्हातारा सहसा डाव संपेपर्यंत बाहेर येत नाही.

आणि बागेत थोदोरने चुन्याने रेघा मारल्या. चार झाडं वाचली, दोन गेली. भिंतींचा पत्ता नव्हता, पाया खणायचा होता. स्ताव्रुला त्या रेघांच्या आत जाऊन उभी राहिली. इकडे चूल, इकडे पलंग, असं हाताने दाखवत होती. थोदोर बाहेर, रेघेला टोपीचं टोकही लागू न देता उभा होता. त्याने दार ठोठावल्यासारखं हवेत दोनदा बोट आपटलं.

"येऊ का आत?"

"या ना, बाबा. पण बूट बाहेर काढा."

मिस्त्रीने चिखलात उभं राहून बूट काढले.