फोटोवरचं कुंकू

नेकनूरच्या स्टँडवर उतरताच तुळजाबाईंनी आधी परतीच्या बसची वेळ विचारली. साडेचार. मग पिशवीतली फ्रेम छातीशी धरून त्या भीमनगरकडे निघाल्या.

फ्रेममध्ये माया होती, त्यांची चेला. बीडला अकरा वर्षं त्यांच्या तृतीयपंथी घरात राहिली आणि कावीळ होऊन गेली. देह घरच्यांनी नेला, केस कापले, पँट-शर्ट घातला आणि ‘समाधान’ या जन्मनावाने अग्नी दिला. शेवटच्या दिवसांत ती म्हणायची, "गुरू, गावात एकदा तरी माजं नाव घ्या." आज पुण्यानुमोदन होतं, बौद्ध रीतीची श्रद्धांजली. थोरला भाऊ विलास फोनवर म्हणाला होता, "गावात पाय ठेवला तर तंगडं मोडीन."

मंडपात साठेक माणसं होती. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी दहावीतल्या मुलाचा फोटो, खाली ‘कालकथित समाधान’.

तुळजाबाई आत येताच कुजबुज थांबली.

"टाळी वाजवायला आली का बे?" मागून कोणीतरी म्हणालं. दोघं हसले. विलास उठला.

घाबरल्या की तुळजाबाईंचा हात कमरेच्या बटव्याकडे जाई. आताही गेला. फ्रेम प्रतिमांपुढे ठेवून त्यांनी रोजच्यासारखं मायाच्या कपाळावर बटव्यातलं कुंकू टेकवलं. मंडपभर "अरे, अरे" झालं. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर होतं ते.

"बघितलं का? देवदेव करायला आली हितं!" विलास ओरडला.

"चुकलं, बाबा." त्यांनी बटवा मिटला.

बौद्धाचार्य जालिंदर पुढे आले. "बाई, आमच्यात कुंकू न्हाई. फूल वाहा."

"वाहते. पर कुनाला?" त्यांनी दहावीच्या फोटोकडे पाहिलं. "ह्या लेकराला मी वळखत न्हाई, दादा."

विलासने फ्रेम उचलली. तुळजाबाईंनी डोळे मिटले. काच फुटल्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा फ्रेम मायाच्या आईच्या, भिमाबाईंच्या हातात होती. पांढऱ्या पदराने त्या कुंकू पुसत होत्या. पदर लाल झाला. फ्रेम त्यांनी समाधानच्या फोटोला टेकून उभी केली.

"नाव काय घ्यायचं, भिमाबाई?" जालिंदरनी विचारलं.

"आये, बघ हां," विलास म्हणाला.

"माया," भिमाबाई म्हणाल्या.

विलास मंडपाबाहेर गेला. त्याच्यामागे तिघं. विलासची मोटरसायकल सुरू झाली. जालिंदरनी मायाचं नाव घेतलं, लोक गाथा म्हणू लागले. तुळजाबाईंना इंजिनच ऐकू येत होतं.

सव्वाचारला भिमाबाईंनी पायात चपला घातल्या. "चला. स्टँडपतूर येते."

"तुमी कावून? तुमालाच तरास व्हईल."

"चला म्हनलं ना."

रस्ता सरळ होता. मोटरसायकल मागून येत होती, पहिल्या गिअरवर, पुढे काही जात नव्हती. तुळजाबाई वळू लागल्या तसं भिमाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"म्होरं बघा."

थोडं चालल्यावर भिमाबाईंनी विचारलं, "ती जेवायची का येळेवर?"