पोटात सैल करायला दिलेला डगला

थोरले महाराज राज्य सोडून पळाले तेव्हा त्यांचा डगला शिंप्याच्या दुकानात होता. लाल मखमलीचा, जरीच्या वेलींचा, चांदीच्या गुंड्यांचा. महाराजांचं पोट गादीवर बसून बसून वाढलं होतं, म्हणून डगला सैल करायला सकाळी दुकानात आला आणि दुपारी शत्रूचं सैन्य वेशीत आलं. महाराज मागच्या दाराने नुसत्या सदऱ्यावर निघून गेले. इतिहासकार याला ‘धोरणी माघार’ म्हणतात. शिंप्याच्या घरात याला ‘गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं नाही’ असं म्हणतात.

आता गिऱ्हाईकाचा कपडा शिंपी विकत नाही आणि फेकतही नाही. त्यामुळे पणजोबांनी डगला कापूर घालून पेटीत ठेवला आणि मरेपर्यंत दाराकडे बघत बसले. आजोबा मात्र दाराकडे बघणाऱ्यातले नव्हते. त्यांनी प्रथाच पाडली: घरातल्या ज्या मुलाच्या हाती दुकानाची मोठी कात्री येईल, त्याने त्या दिवशी डगला घालून दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचं. गाव बघायला यायचं आणि दर पिढीला तोंडात बोट घालायचं, कारण डगला दर पिढीला अंगावर ओतल्यासारखा बसायचा. ढेरपोट्या आजोबांना बसला. काडीपैलवान वडिलांनाही बसला.

“हा डगला फक्त राजरक्ताच्या माणसालाच बसतो,” आजोबांनी जाहीर केलं होतं, आणि पुढे काही न बोलता गूढ हसले होते. ते हसणंही डगल्याबरोबर वारशाने खाली आलं.

सध्याच्या शिंप्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, “म्हणजे तुमच्या पणजीबाई राजवाड्यात नक्की कसली मापं द्यायला जायच्या?”

तीन पिढ्यांत हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. शिंपी दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिला ते दोन दिवस फार बरे गेले.

खरी गोष्ट शिंप्याला कात्री मिळायच्या आदल्या दिवशी कळली. हा बुटका आणि गोल. डगला घालून बघितला तर गुंडी आणि काज एकमेकांना लांबून नुसते बघत राहिले. त्याने दुकान बंद केलं, अस्तर उसवलं आणि मट्कन खालीच बसला. आत वडिलांचे टाके होते, बारीक, कंजूष, वडिलांसारखेच. त्यांच्याखाली आजोबांचे टाके होते, ऐसपैस, जेवून ढेकर दिल्यासारखे. आजोबांनी बगलेत ठिगळं घालून डगला वाढवला होता. वडिलांनी ठिगळं काढून तो आवळला होता आणि आतला जादा कपडा कुणाला दिसू नये म्हणून कापूनच टाकला होता. शिंपी थोडा रडला. मग डोळे पुसले, खालून वीतभर मखमल कापली, ती कमरेत घातली आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून गूढ हसला.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण न्हाव्याकडे दाढीला बसला की हा राजरक्ताचं काढायचा. बाजारात भाव करतानाही काढायचा. हळूहळू अख्ख्या गावाला पाठ झालं: डगला बसला तर राजा, नाही बसला तर तोतया.

आणि मग वारं फिरलं. ज्यांनी राज्य जिंकलं होतं ते कंटाळून निघून गेले आणि लोकांना पुन्हा राजा हवासा वाटू लागला. म्हणजे खरं तर मिरवणूक हवीशी वाटत होती, पण मिरवणुकीत मधे कुणीतरी लागतंच. शोधाशोध झाली. थोरल्या महाराजांचा पणतू दूरच्या एका शहरात श्रीमंतांच्या बायकांना नाच शिकवून पोट भरताना सापडला. ताडमाड उंच, खांदे असे की त्यांवर दोन धोतरं वाळत घालावीत. पणतू असल्याचा पुरावा विचाराल तर त्याचं स्वतःचं म्हणणं, बस.

म्हणून राजवाड्याचा कारभारी एका सकाळी दुकानात आला. हा कारभारी आधी थोरल्या महाराजांच्या शत्रूंच्याही कारभारात होता. राज्य बदललं की तो फक्त टोपी बदलायचा.

“पुरावा तुमच्याकडे आहे म्हणतात,” तो म्हणाला.

“आहे की! पेटीत आहे,” शिंपी फुशारला. “फक्त राजरक्तालाच बसतो.”

“उत्तम. राज्याभिषेकाला भर चौकात, सगळ्या गावासमोर, तुम्हीच तुमच्या हाताने महाराजांना घालायचा. बसला की काम झालं.”

शिंप्याचं हसू जागच्या जागी वाळलं. “आणि समजा... नाही बसला तर?”

“तर कुणीतरी खोटं बोलतंय असा अर्थ होईल. आणि महाराज खोटं बोलू शकत नाहीत.” कारभाऱ्याने शिंप्याच्या गळ्याकडे असं पाहिलं की जणू मापच घेतोय.

शिंपी राजवाड्यावर जाऊन आला. माप घेताना त्याला तीनदा स्टुलावर चढावं लागलं. घरी आला तो भिंत धरत धरत.

“अगं, त्याच्या एका बाहीत मी अख्खा मावतो!”

“मग मखमल आणा आणि जोडा.”

“तसली मखमल आता कुठं मिळते? कापून कापून आम्ही ती... म्हणजे, काळाच्या ओघात ती संपली.”

बायकोने सुई खाली ठेवली. “काळाच्या ओघाला कात्री कुणी आणून दिली? जा आणि सांगा खरं.”

“खरं सांगू? तीन पिढ्यांचं नाक कापलं जाईल!”

“कापू दे. गळा तरी राहील.”

“तुला घराण्याचं काही नाही.”

“कुठल्या घराण्याचं? शिंप्याच्या की पणजीबाई जायच्या त्या वाड्याच्या?”

शिंप्याने सगळं करून पाहिलं. डगला ओला करून ताणला, तर जरी काळी पडायला लागली. प्रार्थना करून झोपला, पण शिवण हलली नाही. शेवटी दुपारी उपाशीपोटी तो मागच्या खोलीत जाऊन बसला. बायको तिथे वखारवाल्यांचा कोट करत होती. लाकडाच्या वखारीचे मालक सकाळीच वारले होते आणि त्यांची इच्छा होती की लग्नातल्या कोटातच न्यावं.

हे कामही याच दुकानाचं. मेलेल्या माणसाचे हात वळत नाहीत, त्यामुळे कोट पाठीत गळ्यापासून खालपर्यंत उभा चिरायचा, समोरून बाह्या चढवायच्या, दोन्ही कडा पाठीखाली सारायच्या आणि सदऱ्यावरून पांढऱ्या नाड्यांनी बांधायच्या. समोरून माणूस नवरदेवासारखा दिसतो. गावात असं एकही घर नव्हतं ज्याने हे जवळून पाहिलेलं नाही.

“वखारवाले जिवंतपणी या कोटात मावत नव्हते हो,” बायको नाडी ओढत म्हणाली. “लग्नानंतर महिन्याभरातच गुंड्या तुटल्या होत्या म्हणे. आता बघा, काय ऐटीत बसेल!”

शिंप्याने कोटाकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग पेटीकडे.

“राजाला?” तो कुजबुजला.

“मागून कोण बघतंय?”

डगला पाठीत चिरायला शिंप्याने तीनदा कात्री उचलली आणि तीनदा खाली ठेवली, शेवटी ती बायकोनेच चालवली. तोकड्या बाह्यांना जाळीच्या लांब झालरी लावल्या. खालची उंची भरून निघेना, तेव्हा महाराजांनी गुडघ्याच्या वर येतील असे बूट घालावेत असा निरोप धाडला.

राहिले महाराज. त्यांना सकाळीच गाठून शिंपी हात जोडून म्हणाला, “महाराज, एक परंपरा आहे. राजाने प्रजेकडे पाठ करायची नसते. थोरल्या महाराजांनी एकदाच केली आणि राज्य गेलं.”

महाराजांना हे फारच पटलं. “हरकत नाही. मागे मागे चालण्यात मी तरबेज आहे. धंद्याचाच भाग तो.”

चौकात माणसाला माणूस चिकटून उभं होतं. पाठीमागे राजवाड्याची भिंत आणि पडदा पाहून शिंप्याच्या जिवात जरा जीव आला. त्याने स्टुलावर चढून महाराजांच्या हातांत समोरून बाह्या सरकवल्या, गळा बसवला, हळूच मागे हात घालून नाड्या बांधल्या आणि एकेक गुंडी लावत खाली आला. शेवटची गुंडी लागली. डगला अंगावर ओतल्यासारखा!

“बसला!” कुणीतरी ओरडलं आणि चौक दणाणला. टोप्या हवेत गेल्या. बायका एकमेकींना सांगू लागल्या की नाक बघा, नाक अगदी थोरल्या महाराजांचं. थोरल्या महाराजांना पाहिलेलं एकही माणूस जिवंत नव्हतं. शिंप्याने कारभाऱ्याकडे बघून, भीतभीत का होईना, गूढ हसायला सुरुवात केली.

आणि बँडवाल्याने वाजवायला घेतलं.

कुणी सांगितलं होतं त्याला कोण जाणे, पण त्याने नाचाचीच धून काढली, ठेक्यात, अगदी पाय उचलणारी. महाराजांचा डावा पाय हलला. महाराजांचा उजवा पाय हलला. आयुष्यभर ज्या माणसाने या ठेक्यावर घर चालवलं, त्याला परंपरा किती वेळ धरून ठेवणार? महाराजांनी डोळे मिटले, हात पसरले आणि प्रजेसमोर एक लांबलचक, डौलदार गिरकी घेतली.

मखमलीचे दोन पंख दोन बाजूंना उघडले. मधे पांढरा सदरा. त्यावर पांढऱ्या नाड्या, छान फुलासारख्या बांधलेल्या.

शिंप्याने डोळे मिटून घेतले आणि गळ्याला हात लावून पाहिला.

पहिल्या रांगेत वखारवाल्यांची बायको उभी होती. तिने त्या नाड्या पाहिल्या आणि तिची मान आपोआप खाली गेली. तिच्या शेजारच्याने टोपी काढली. त्याच्या शेजारच्यानेही काढली. बघता बघता अख्ख्या चौकातल्या टोप्या उतरल्या, माना झुकल्या, हात पोटापाशी जुळले. ठरवून कुणीच केलं नाही. असा डगला समोर आला की काय करायचं ते या गावाच्या अंगवळणी पडलेलं होतं. बँडवाल्याचंही तेच. अशा प्रसंगांची निम्मी कामं त्याच्याकडे असायची, त्यामुळे धून आपसूक मंद होत होत भलत्याच चालीवर गेली. कुणीतरी एक हुंदकाही दिला.

गिरकी संपवून महाराजांनी डोळे उघडले तर समोर उघडी डोकी, खाली गेलेल्या माना आणि काळीज पिळवटणारं संगीत. इतका मान दूरच्या शहरात त्यांना एकाही श्रीमंत बाईने दिला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

कारभाऱ्याने आधी नाड्यांकडे पाहिलं, मग गर्दीकडे. या राज्यात काय वारलंय ते त्याला बरोबर कळलं, पण त्याची नोकरी त्यातच होती. त्याने टोपी काढली आणि शिंप्याच्या कानाशी लागून म्हणाला, “बसला म्हणायचं.”

“बसला, बसला,” शिंपी म्हणाला. गळा अजून आपलाच आहे हे कळताच त्यानेही टोपी काढली.

महाराजांनी त्याला आणि त्याच्या बायकोला जवळ बोलावून घेतलं. “शिंपीबुवा, काय कापलाय! पाठीला हवा कशी खेळते! आजपासून आमचे सगळे कपडे याच पद्धतीचे करायचे.”

“जी महाराज,” शिंप्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

बायको तोंडावर रुमाल दाबून गदगदत होती. महाराजांना वाटलं, रडतेय बिचारी. त्यांनी मायेने विचारलं, “बाई, इतक्या का भारावलात?”

“सासऱ्यांची आठवण आली, महाराज.” तिने डोळे टिपले. “गावाने असाच मान त्यांनाही दिला होता. याच कापाचा कोट, अशाच टोप्या काढल्या होत्या सगळ्यांनी, बँडसुद्धा हाच.”

“अस्सं! मग मोठे असले पाहिजेत तुमचे सासरे.”

शिंप्याने तिला कोपराने ढोसलं. ती ऐकेल तर ना.

“मोठेच होते. फक्त तुमच्यासारखी गिरकी त्यांना जमली नाही हो. गप पडून राहिले.”