दार बंद करा

यादीतलं सातवं नाव वाचून स्वरूप मुतगेकरने मान वर केली.

“मास्तर, मी कोण, सांगा की समद्यास्नी.”

“मुतगेकर. सहावी, शेवटचा बाक,” मार्तंड हुद्दार म्हणाले.

“आता खुर्चीवर हाय.”

बाकांवर बसलेले तीस शिक्षक हसले. बेळगावातल्या त्या प्रशिक्षण वर्गाचा तो शेवटचा दिवस होता. मराठी शाळांत नव्याने सुरू होणाऱ्या इंग्रजी तुकड्यांसाठी शिक्षक निवडायचे होते. प्रत्येकाने दहा मिनिटं पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं आणि स्वरूपने गुण द्यायचे. वर्गात मराठीचा शब्द आला की एकदा ताकीद, दुसऱ्यांदा पाठ बाद. बाद झालेला शिक्षक जादा ठरणार होता आणि जादा शिक्षकासाठी लोंढ्याच्या पलीकडची, साठेक किलोमीटरवरची जागा रिकामी होती.

हुद्दारांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांची पत्नी सरोजिनी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. रोज मधल्या सुट्टीत ते कंग्राळीच्या शाळेतून स्कूटरने घरी येत, तिला भरवत आणि घंटेच्या आत परतत. लोंढ्याहून ते जमणार नव्हतं.

हे स्वरूपला ठाऊक होतं. सकाळी चहाच्या वेळी हुद्दारांनी स्वतःच सांगितलं होतं.

“माझं इंग्लिश म्हशींनाच कळंल म्हणायचा तुम्ही,” स्वरूप तेव्हा म्हणाला होता. “म्हशी इकल्या, मास्तर. आता तुमचं इंग्लिश मी बघतो.”

हुद्दारांची शिकवण्याची एकच पद्धत होती. ते इंग्रजी वाक्य म्हणत आणि थांबत. तेवढ्यात सगळ्या वर्गाने मराठी अर्थ एका सुरात म्हणायचा. ज्याचे ओठ हलले नाहीत, त्याच्या हातावर छडी. छत्तीस वर्षं हेच चाललं होतं. त्यांनी रात्रभर पाठाची तयारी केली होती, पण थांबायची सवय त्यांच्या लक्षातच आली नाही.

“ओपन द बुक,” ते म्हणाले आणि थांबले.

मागच्या बाकावरून त्यांच्याच दोन जुन्या विद्यार्थ्यांचे आवाज आले, “पुस्तक उघडा.”

स्वरूपने टेबलावर हात आपटला. “नो मराठी! लास्ट वॉर्निंग.”

पुढच्या बाकावर कंग्राळीच्याच शाळेतली रूपाली बसली होती. तिने तोंडावर पदर धरला. हुद्दारांनी घाम पुसला.

“टेक युवर पेन.” ते थांबले. कोणी बोललं नाही. सगळ्यांनी पेन उचलले.

“राइट युवर नेम.” पुन्हा शांतता. सगळे लिहू लागले. स्वरूपही मान खाली घालून गुणपत्रक भरू लागला. सात मिनिटं झाली होती.

“क्लोज द डोअर,” हुद्दार म्हणाले आणि थांबले.

“दार बंद करा,” स्वरूप म्हणाला.

मान खालीच होती. आवाज स्पष्ट, वर्गातल्या मुलासारखा हेल काढलेला.

आधी रूपाली हसली. मग सगळा वर्ग फुटला. स्वरूप कानापर्यंत लाल झाला. फक्त हुद्दार हसले नाहीत.

“आय डिड नॉट स्पीक मराठी, सर,” ते म्हणाले. त्याला ‘सर’ म्हणण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

स्वरूपने गुणपत्रकातला तिसरा प्रश्न मोठ्याने वाचला, “ताकीद दिल्यावर वर्गात मराठीचा वापर झाला का?” आणि ‘होय’वर खूण केली.

“कोण बोललं तेही लिही.”

“तसा रकाना न्हाय, मास्तर.”

“मुतगेकर, तिला मी भरवतो रे.”

“आमच्या आईनं पण भरवलंय मला. तुम्ही हात सुजवलेले, तवा.” त्याने कागद उलटा ठेवला. “नेक्स्ट.”

कोणी हसलं नाही. आठव्या नंबरची रूपाली उठली. हुद्दारांकडे न बघता फळ्यापाशी जाऊन तिने खडू उचलला.

हुद्दार बाहेर आले. दार त्यांनी उघडंच ठेवलं. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी शेजारच्या जयाबाईंना फोन लावला आणि सरोजिनीला दुपारचं भरवायला कोणी बाई मिळेल का, असं विचारलं.