रानअननसातलं पाणी

मित्रांनो, मी एक म्हातारी झाडबेडकी आहे. जमैकाच्या डोंगरात माझा जन्म झाला, तोही ओढ्यात किंवा डबक्यात नाही. इथल्या चुनखडीत पाणी थांबतच नाही, लगेच खाली झिरपून जातं. पण उंच झाडांवर रानअननस वाढतो, त्याच्या पानांच्या बेचक्यात ओंजळभर पाऊस साठतो आणि तेवढ्यात आमची पिल्लं वाढतात. त्या पाण्यात खायला काहीच नसतं. मग आईच दर दोन-चार दिवसांनी परत येते आणि पिल्लांच्या खाण्यासाठी आणखी अंडी घालून जाते. मीही तशीच वाढले. बेडकीला माया नसते असं म्हणणाऱ्याने एकदा हे करून दाखवावं!

यंदा माझी अकरा पिल्लं होती. या डोंगरावर आम्ही फारच थोड्या उरलो आहोत, म्हणून त्या अकरांवर माझा सगळा जीव होता.

रानालगत शेती करणाऱ्या मास एझिकेलला, म्हणजे एझिकेलदादाला, कोनफळांच्या वेलांना आधाराच्या काठ्या हव्या होत्या. त्याने आमचं झाड तोडलं. दरवर्षी नव्या काठ्या, दरवर्षी थोडं रान कमी. रानअननस मात्र त्याला आवडला. पाणी न सांडता, अगदी जपून त्याने तो बहिणीच्या, मिस आयव्होरीनच्या ओसरीत टांगला. मी आत चिकटून बसले होते. पिल्लांना सोडून जाणार कुठे?

दुसऱ्या सकाळी मिस आयव्होरीनने मला पाहिलं.

“अगं बाई! बेडूक!” ती भावाला ओरडली. “झीक, मीठ आण, लवकर!”

“अगं, अंगठ्याएवढी तर आहे ती.”

“भूत काय दार वाजवून येतं होय रे? ते बेडकाच्या रूपातच येतं, आणि मिठानेच पळतं. आण म्हणते ना!”

वाटीभर मीठ पानांत पडलं. माझ्या अंगाची आग झाली. मी उडी मारून पन्हळीत शिरले. पिल्लांना उडी मारता येत नव्हती.

थोड्या वेळाने मास एझिकेलने वाकून पाहिलं. “आयव्ही, यात पिल्लं होती गं.”

“मला काय ठाऊक?” ती म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! ठाऊक नव्हतं म्हणे! वाकून बघायला कितीसा वेळ लागतो? तो आता वाकला, तसाच आधी वाकला असता तर?

मित्रांनो, मीठ कोनफळाच्या भांड्यात घाला. आमच्या पाण्याला हात लावण्याआधी एकदा आत बघा. तुमची हळहळ मला नको आहे. काल सवयीने मी पुन्हा त्या ओसरीत गेले. पोटात अंडी तयार होती. खाणारं कोणी नव्हतं.