निरोपाचा जॅक

“अहो, कपडे भिजवायचं घमेलं आहे ते!” मी ओरडले, तोवर काळंकुट्ट तेल त्यात पडलंसुद्धा.

“धुऊन देतो,” हे म्हणाले. लग्न झाल्यापासून धुऊन देतायत.

न्हाणीघराच्या दारात तो जॅक आडवा पसरला होता. गाडी उचलायचा, चाकांवर ढकलत न्यायचा लोखंडी धोंडा. छत्तीस वर्षं एकाच गॅरेजात, लोकांच्या गाड्यांखाली पाठीवर पडून राहिलेल्या माणसाला मिळालेली निरोपाची भेट! भाषण झालं, थंड पेय झालं, मग धाकटे मालक म्हणाले, “मिस्त्री, हा जॅक तुमचाच. आठवण म्हणून न्या.” टाळ्या. जॅक गाडी उचलायचा आणि माणसाने मान वळवली की हळूच खाली बसायचा. भंगारवाल्याकडे पोचवायचा कंटाळा, म्हणून आमच्या गळ्यात घातला. आणि आमचे हे कृतकृत्य! टेम्पोत त्याच्यावर हात ठेवून बसून आले. मला या घरात आणलं तेव्हाही इतकं जपून आणलं नव्हतं.

“त्यांनी कचरा टाकला तुमच्या अंगावर, आणि तुम्ही तो मिरवताय,” मी म्हणाले.

“आतला वॉशर गेलाय फक्त,” हे म्हणाले.

हा यांचा स्वभाव. कुणी अपमान केला की हे वॉशर शोधायला लागतात. मला या गरीबपणाची चीड येते, आजची नाही, जुनीच.

तीन आठवडे तो फाटका रबरी वॉशर गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून यांनी दुकानं पालथी घातली. एक म्हणाला, “काका, ही कंपनी कधीच बुडाली.” दुसऱ्याने “चालेल, चालेल” करत भलताच गळ्यात मारला, तो आत जाईना. तिसरा दीडशहाणा म्हणाला, ब्रेक ऑइल ओता, वॉशर फुगून बसेल. ब्रेक ऑइलने या जॅकमधलं रबर फुगून कुजतं, हे ऐकून ऐकून मलाही माहीत आहे. त्या दुकानदाराला नव्हतं, आणि गल्ल्यावर बसला होता ऐटीत.

“पूर्वी यात चामड्याचा असायचा,” एके सकाळी हे म्हणाले. नजर खुंटीवरच्या माझ्या पर्सकडे. मी शिवणवर्ग चालवायचे तेव्हाची माझी पर्स, जाड चामड्याची, बंद तुटलेला. आयुष्यात या माणसाने मला तोंड उघडून काही मागितलं नाही. तेव्हाही मागितलं नाहीच, नुसतं बघितलं.

“घ्या,” मी म्हणाले. “तिलाही निवृत्त करा.”

तिच्या बुडाचा गोल कापला. पाण्यात भिजवून, पाइपच्या तुकड्यात बोल्टने दाबून आठ दिवस वाळवला, मग तेलात मुरवला. छोटीशी वाटीच तयार झाली. कडा ब्लेडने तासताना हे श्वाससुद्धा घेत नव्हते.

शेजाऱ्याची व्हॅन सकाळी जॅकवर चढवली. गाडीच्या उंचीशी कुंपणाच्या भिंतीवर खडूची रेघ मारली आणि समोर स्टूल टाकून बसले.

“अंडी उबवताय का?” मी येता-जाता टोमणे मारत होते. संध्याकाळी हे हात धुवायला आत गेले तेव्हा मी गुपचूप जाऊन रेघ पाहिली. गाडी केसभरही खाली आली नव्हती. मला आनंद झाला आणि त्या आनंदाचाही राग आला.

महिन्याभराने धाकटे मालक आले. यांनी एकट्याने उठून खुर्ची दिली, मी हलले नाही.

“मिस्त्री, ऐकलं, जॅक चालू केलात! आमचे नवे दोन्ही जॅक बसले. हा घेऊन जातो. शेवटी गॅरेजचाच ना तो.”

“भेट दिली होतीत ना?” मी विचारलं.

“काकू, भेट म्हणजे आठवण म्हणून हो. आठवण काय, कुठेही राहते.”

किती निर्लज्ज असावं माणसाने! मी यांच्याकडे पाहिलं. काय म्हणणार ते मला पाठ होतं.

“न्या की,” हे म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून आत जाणार, तेवढ्यात हे म्हणाले, “पण बसा जरा. जसा दिला होता तसाच परत द्यायला हवा.”

“पुसत बसू नका, आहे तसा चालेल,” धाकटे मालक मोबाइलमध्ये बघत म्हणाले.

यांनी नट खोलायचे पाने काढले. तेल सोडलं, माझ्याच घमेल्यात. मी ओरडले नाही. आतला दांडा काढला, चामड्याची वाटी काढून टेबलावर ठेवली. मग फळीवरची ती गोळ्यांची डबी आणली, फाटका वॉशर पुन्हा बसवला आणि सगळं जोडून घट्ट केलं. पाऊण तास लागला. वरून फडक्याने पुसलासुद्धा.

“हा घ्या. याच्याखाली माणूस घालू नका मात्र. मान वळवली की बसतो.”

धाकट्या मालकांनी मान वर केली. “म्हणजे? मग दुरुस्त काय केलंत?”

“तुम्ही दिलात तेव्हाही बसत होता. तेव्हा खाली मी असायचो.”

धाकट्या मालकांनी टेबलाकडे बोट केलं. “आणि ते?”

“ते हिच्या पर्सचं आहे. हिला विचारा.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. छत्तीस वर्षं साठवलेलं केवढंतरी बोलायचं होतं.

“नाही,” मी म्हणाले.

धाकट्या मालकांना एकट्याने तो धोंडा डिकीत चढवता येईना. दारात नुसते वाकून कुंथत होते. मी म्हटलं, राहू देत तसेच. पण हे गेलेच, दुसरी बाजू धरली, डिकीचं झाकण लावलं आणि गाडी वळेपर्यंत मागून हात दाखवत उभे राहिले.

परत आले ते सरळ न्हाणीघरात गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मी डोकावले, तर हे उकिडवे बसून साबणाने घमेलं घासत होते. जॅकच्या जागी फरशीवर चाकांचे चार डाग होते. तिकडे यांनी पाठ केली होती.

“राहू द्या, मी धुते,” मी म्हणाले.

“निघतंय,” हे म्हणाले, आणि घासत राहिले.