शकू दुपारी कुठं जाते

चंदूच्या डोक्यात किडा सोडला तो शेजारच्या काशीबाईने. तुझी बायको दुपारची नटूनथटून जाते कुठं रे, एवढंच तिने विचारलं आणि हंडा घेऊन नळावर निघून गेली. काडी टाकून बाई मोकळी झाली, जळायचं चंदूला होतं.

चंदू पोलादपूरच्या डोंगरावरल्या वाडीतला. पंधरा वर्षं मुंबईत, मशीद बंदरच्या एका गोदामात कामाला. भांडुपला टेकडीवर खोली झाली तेव्हा कुठे, म्हणजे शहाण्णव साली, त्याने बायकोला वाडीवरून आणलं. आणलं तेच तंबी देऊन. बाजाराच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, मुंबईत बाई हरवली की सापडत नाही. वाडीवर सगळ्या घराची गुरं एकटीने राखणारी शकू, तिने मुकाट्याने मान डोलावली.

आणि आता हे! विचारलं तर म्हणे, "कुठं नाय, हितंच." आता हितंच जायला घडीची साडी लागते होय? चंदूला जेवण गोड लागेना. ती हसली तर वाटे, कुणाच्या आठवणीने हसली. गप्प बसली तर वाटे, कुणाच्या आठवणीत गप्प आहे.

मग त्याने करू नये ते केलं. लालबागला वाडीची एक खोली होती. मुंबईत एकटे राहणारे वाडीचे पुरुष तिथे पडून असत. बायकांना तिचा उंबरा बंद. तिथल्या रामजीभाऊंचा शब्द वाडीचे सगळे मुंबईकर मानत. त्यांच्या कानावर चंदूने गोष्ट घातली, तर त्यांनी चारचौघांत निकालच देऊन टाकला. बाई बिघडायच्या आत येत्या शनिवारच्या एसटीने वर वाडीला धाड म्हणाले. बाकीचे खाली मान घालून हसले. चंदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. पोट दुखतंय म्हणून तो गोदामातून लवकर निघाला आणि भांडुपच्या बसस्टॉपजवळ पानाच्या टपरीआड उभा राहिला. शकू आली, बसमध्ये पुढे जाऊन बसली. हा मागच्या दाराने चढला, तोंडापुढे पेपर धरून. सायनला तिने बस बदलली, वडाळ्याला उतरली आणि चालायला लागली. दुकानं बघत, नळाचं पाणी पीत, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मागचा रस्ता नीट बघून घेत. ती वळली की चंदू कुठल्या तरी हातगाडीमागे दडायचा. इतक्यात एक उंच बाप्या तिच्याजवळ येऊन बोलू लागला. चंदूच्या अंगाची लाही लाही झाली. पण तो मेला पत्ता विचारत होता! आणि शकू त्याला हात करून सांगत होती, डावीकडं आणि मग सरळ.

पुढच्या गल्लीत ती दिसेनाशी झाली. चंदू धावला, या गल्लीतून त्या गल्लीत. थोड्या वेळाने बायको राहिली बाजूला, आपण कुठं आहोत हेच त्याला कळेना. घर, गोदाम आणि लालबागची खोली सोडून तो कधी कुठे गेला असेल तर शपथ.

"अवो, तुमी हिकडं कुठं?" मागून शकूचा आवाज आला.

चंदू भडाभडा सगळं बोलून गेला. काशीबाई, रामजीभाऊ, शनिवार, काही ठेवलं नाही. शकूचा चेहरा उतरत गेला.

"नव्या रानात गुरं न्यायची तर आदी आपून रान हिंडून येतो का नाय?" ती म्हणाली. "पाणी कुठं, कडा कुठं, सांजचं माघारी कसं यायचं. हितं तर जलम काढायचा हाय. म्हून रोज येक वाट बघते."

"मग मला सांगून का नाय गेलीस गो?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतंत?"

चंदूला लाजही वाटली आणि आनंदही झाला. झालं गेलं विसर, घरी चल म्हणाला. शकू मात्र हटून बसली. ज्या तोंडाने बदनामी केली त्याच तोंडाने आजच्या आज रामजीभाऊंना खरं काय ते सांगा म्हणाली. लालबागची बसही तिनेच दाखवली.

खोलीत रामजीभाऊ तिघाचौघांबरोबर पत्ते कुटत बसले होते. शकू जिन्यात थांबली, चंदू आत गेला.

"काय, लागला का छडा?"

माझी बायको मुंबई बघत फिरते, एवढंच बोलायचं होतं. पण सगळे हातातली पानं खाली ठेवून त्याच्याकडे बघत होते. एकटी बाई उगाच हिंडते म्हटलं तर हे पुन्हा हसणार. मी हरवलो नि तिने मला आणलं म्हटलं तर जन्मभर हसणार.

"देवळात जाते ती," चंदू म्हणाला. "नवस हाय तिचा."

रामजीभाऊंनी तिथल्या तिथे हात जोडले. गुणाची बाई आहे म्हणाले, शनिवारचं जाणं रद्द केलं, चंदूला चहा पाजला. चंदू गड जिंकल्यासारखा जिना उतरला. शकूने सगळं ऐकलं होतं.

शनिवारी उजाडताच तिने पिशवी भरली. चंदू गयावया करायला लागला, अगो, आता कोण धाडतंय तुला, सगळं मिटलं की!

"मी हिंडले त्याची मला लाज नव्हती," शकू म्हणाली. "तुमाला वाटली. आता हितं राहिले तर मला रोज देवळातच जावं लागंल."

चंदू चपला शोधायला लागला. सापडेपर्यंत ती टेकडी उतरून मोठ्या रस्त्याला लागली होती.